तिसरा मजला, डावीकडे सोडते

उदक एकदा तळहातावरून खाली गेलं की गेलं. ते परत ओंजळीत घेता येत नाही. घ्यायला गेलं तर ताम्हनातलं कुंकू, फुलं आणि आपल्या आधी बसलेल्या बाईची वांगी असं सगळंच वर येईल. हे मी खात्रीने सांगते, कारण त्या क्षणी ताम्हनाकडे बघत मी हाच विचार करत होते.

दर आषाढी एकादशीला बोईसरच्या आमच्या इमारतीतल्या आम्ही बायका चिंचणीच्या देवळात जातो आणि गुरुजींसमोर ओळीने बसून चातुर्मासाचा नेम धरतो. पद्धत सोपी आहे. गुरुजी पळीने हातावर पाणी घालतात आणि विचारतात, "काय सोडता?" आपण सोडायच्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. मग ती वस्तू कार्तिकी एकादशीपर्यंत वर्ज्य. बहुतेक जणी वांगं सोडतात. मीही वांगंच सोडणार होते. तसं घोकतच मी बसले होते, "वांगं, वांगं, वांगं."

माझी पाळी आली. गुरुजींनी हातावर पाणी घातलं. "काय सोडता?" आणि नेमका त्याच वेळी माझ्या शेजारच्या भाविकाच्या पर्समधला फोन वाजला. भाविका आमच्या समोरच्या दारात राहते. स्वभावाने लाख, पण फोन बंद करणं म्हणजे तिला अशुभ वाटतं. आणि त्या फोनची रिंगटोन कोणती, तर रोज रात्री साडेआठला लागणाऱ्या आमच्या लाडक्या विनोदी मालिकेचं शीर्षकगीत: 'तिसरा मजला, डावीकडे! चप्पल काढा उजवीकडे!'

"तिसरा मजला, डावीकडे," मी शांत, स्वच्छ, भक्तिभावाने म्हटलं आणि पाणी सोडलं.

गुरुजींनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताम्हनाकडे. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर मी ज्याला सहानुभूती म्हणेन असं काहीतरी आलं. मग ते पुढच्या बाईकडे सरकले. मागे रांग होती.

परतीच्या रिक्षात शास्त्रार्थ सुरू झाला.

"हेमाबेन, काय टेन्शन घेता?" भाविका म्हणाली. "देवाला समजतं ना, तुम्हाला वांगं बोलायचं होतं. तो काय एवढा कडक नाही."

"देवाला समजलं आसंल," खालच्या मजल्यावरच्या रखमामावशी म्हणाल्या. त्यांचं माहेर चिंचणीचंच, वाडीतलं. धर्माच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायला जात नाही. "पन पानी खाली पडलंय नां? देवाचं मन येगलं आन् पानी येगलं. आता तुमाला ती शिरेल बघता येची नाय."

"मग वांगं तरी खाता येईल का?" मी विचारलं.

"वांगं खावा की. वांग्यानं तुमचं काय केलंय?"

आता ही मालिका म्हणजे माझ्यासाठी काय होती ते सांगायला हवं. माणसं मला नेमाची बाई म्हणून ओळखतात. आज कोणती तिथी, प्रदोष कधी, उपासाला राजगिरा चालतो की नाही, हे विचारायला अख्खी इमारत माझं दार वाजवते. मी हळू बोलते. इतकी हळू की भाजीवाला मला नेहमी अर्ध्याऐवजी एक किलो देतो आणि मी ती घेऊन येते. अशा बाईच्या दिवसात मोठ्याने हसण्याचा एकच अर्धा तास होता, तो साडेआठचा. आणि तो माझ्या एकटीचा नव्हता. ह्यांचाही होता.

आमच्या 'ह्यांची' सगळी नोकरी तारापूरच्या एका केमिकलच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत गेली. बाहेर यंत्रांची घरघर, तोंडाला मुखपट्टी. बोलून उपयोग नाही म्हणून माणसं खुणा करत. तीच सवय ह्यांनी घरी आणली, आणि निवृत्त झाल्यावर ती कायमची इथेच राहिली. चहा हवा असला की हे कपाकडे बघतात. नको असला तरी कपाकडेच बघतात. फरक मला कळतो. मुलगी लग्न होऊन पालघरला गेल्यापासून घरात आवाज म्हणजे कुकरचा. पण साडेआठला 'तिसरा मजला, डावीकडे' लागलं की आम्ही दोघं शेजारी बसायचो, गोदाक्का पडद्यावर यायची, आणि आमचं माणूस हसायचं! खांदे हलवून, डोळे पुसून. मग जाहिरात लागली की माझ्याकडे बघून म्हणायचं, "बघितलंस?" त्यांच्या दिवसातला तो सर्वांत लांब संवाद.

मी तो उदकाबरोबर सोडून आले होते.

घरी येऊन मी ह्यांना घडलेलं सांगितलं. ह्यांनी कपाकडे पाहिलं. चहा हवा होता.

तोवर बातमी माझ्याआधी जिना उतरून गेली होती. रखमामावशींनी वाटेत जिला तिला एवढंच सांगितलं की "सावे वैनींनी तिसरा मजला डावीकडे सोडला." आता दुर्दैव असं, की आम्ही राहतो तेही तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून गेलं की डावीकडे. मालिका आम्ही मुळात बघायला लागलो तेच त्या नावामुळे. दुपारी मी फराळाचं ताट वाढत होते, तेव्हा बेल वाजली. दारात इस्टेट एजंट धर्मेश. त्याच्या मागे नवरा, बायको, सासू आणि चिखलाने भरलेले सहा पाय.

"काकी, पार्टी एकदम फायनल है," धर्मेश म्हणाला. "कुंभवलीत कंपनीत सुपरवायझर है. फक्त किचन बघतात."

"कशाचं किचन?"

"अरे, तुम्ही सोडताय ना?"

"हो, पण मी मालिका सोडतेय."

"मालिका?" सासूबाई धर्मेशला म्हणाल्या, "ये मालकिन नहीं है क्या?"

मी समजावून सांगायला लागले. पण माझा आवाज म्हणजे हा असा. मी 'चातुर्मास' म्हणेपर्यंत सासूबाई स्वयंपाकघरात पोचल्या होत्या, सूनबाई खिडकीतून वारा एमआयडीसीकडून येतो का ते हुंगत होती, आणि सुपरवायझर आमच्या ह्यांना विचारत होता, "पाणी चोवीस घंटे?" हे त्याच्याकडे बघून मान हलवत राहिले. ती मान 'हो' म्हणत होती की 'नाही', ते तो अजून कोणाला तरी विचारत असेल. जाताना सासूबाईंनी माझी साबुदाण्याची खिचडी चाखली आणि देवघराची भिंत पाडता येईल का, अशी चौकशी केली.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी ललितभाऊ आले. ललितभाऊंना नियम फार प्रिय. त्यांच्या घरात मांजर आली तरी पाहुण्यांची नोंद करतील असा माणूस.

"वहिनी, सदनिका सोडायची तर सोसायटीला आधी लेखी कळवायला लागतं."

"मी सोडत नाहीये हो."

"मग तसं लेखी द्या."

"काय देऊ?"

"'मी तिसरा मजला, डावीकडे सोडलेला नाही.' खाली सही."

मी पेन घेतलं आणि थांबले. कारण हे वाक्य खोटं होतं! मी तिसरा मजला डावीकडे सोडला होता. एकादशीला, देवासमोर, पाण्यासकट. आता संध्याकाळी त्याच हाताने 'सोडलेला नाही' असं लिहायचं? मी ललितभाऊंना माझी अडचण सांगितली. त्यांनी ती कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतली.

"म्हणजे सोडलाय?"

"सोडलाय. पण राहते आहे."

"असा रकाना नाही वहिनी."

शेवटी पुष्कळ खाडाखोड करून मी लिहून दिलं: 'राहतं घर सोडलेलं नाही. त्या नावाचं बाकी जे आहे ते सोडलं आहे. देव साक्षी.' ललितभाऊंनी 'देव साक्षी'खाली आणखी एका साक्षीदाराची सही मागितली, कारण एका साक्षीवर चालत नाही. भाविकाने सही केली आणि जाताजाता म्हणाली, "आजचा एपिसोड तर काय भारी असणार!" मी कानात बोटं घातली.

त्याच दिवशी मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, "चातुर्मास संपेपर्यंत माझ्यासमोर त्या मालिकेतलं काही काढू नका. चांगलं नको, वाईट नको." आणि सगळ्यांनी कबूल केलं. इमारतीने माझं इतक्या मनापासून ऐकल्याची ती पहिलीच वेळ, आणि पुढे तीच मला नडली.

आता साडेआठचं काय करायचं? पहिल्या संध्याकाळी मी डबे पुसले. दुसऱ्या संध्याकाळी पुसलेले डबे. मग स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. तुळशीला पाणी घालायला निघाले, तर ती पावसात आधीच गळ्यापर्यंत बुडालेली. जपाची माळ घेऊन बसले तर मणी पुढे आणि मन भिंतीपलीकडे. खालून, वरून, समोरून इमारतभर एकाच वेळी हशा उठायचा, आणि मी लाटण्याने पोळपाटावर उगाच टकटक करत उभी असायची. ह्यांनी माझ्यासाठी म्हणून कानात हेडफोन घातला. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा नुसता उजेड, आवाज नाही. आणि त्या उजेडात खुर्चीत बसून एकटेच हसणारे हे.

पण खरी गोची देवघरात झाली.

गोदाक्का, म्हणजे मालिकेतली ती म्हातारी, तिच्या बाळकृष्णाशी सारखी बोलायची. पोळ्या लाटता लाटता, भांडता भांडता. सून रुसली की देवाला सांगायची, दूध नासलं की देवालाच विचारायची, आणि शेवटी त्याचीच समजूत काढायची, "असो देवा, तू तरी काय करणार!" हे वाक्य म्हटलं की अख्खा महाराष्ट्र हसायचा. मीही हसायचे. आणि मग सकाळी पूजेला बसले की तेच म्हणायचे. कधीपासून ते कळलंच नाही. गंध उगाळताना, "देवा, आज पाणी नाही आलं, तुला कालच्याच पाण्याने आंघोळ, असो, तू तरी काय करणार!" देव हसल्यासारखा दिसायचा.

आता मालिका सोडली म्हणजे गोदाक्काचं वाक्यही सोडायला हवं, नाही का? नेम म्हणजे नेम. दुसऱ्या दिवशी पूजेला बसले आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे देवाशी बोलायला दुसरं काहीच नाही. स्तोत्रं होती, आरत्या होत्या. पण त्या म्हणून झाल्यावर पूर्वी मी काय बोलत असे ते काही केल्या आठवेना. "हे परमेश्वरा," अशी सुरुवात करून पाहिली. इतकं परकं वाटलं की मी पदर सावरून बसले, जणू तहसील कचेरीत अर्ज घेऊन आलेय. "आपणांस विदित असेलच," हेही एकदा तोंडून निघालं. मग गप्प झाले. देवही गप्प. समोर देव गप्प, बाहेर हे गप्प. मधल्या उंबऱ्यावर मी.

मी माझीच मला सापडेना. हळू बोलणारी, नेमाची, थोडीशी विनोदी हेमलता सावे म्हणजे मी समजत होते. त्यातलं विनोदी ते बहुतेक साडेआठचं निघालं. आणि देवाशी लाडीगोडीने बोलणारी जी होती, तीही.

श्रावण लागला तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी हे हेडफोन लावून इतके हसले की खुर्चीचा पाय सरकला. मी स्वयंपाकघरातून धावत आले. "काय झालं?"

ह्यांनी हेडफोन काढला, डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. सवयीने म्हणाले, "बघितलंस?" आणि लगेच जीभ चावली.

मी परत आत जाऊन पोळपाटावर टकटक करायला लागले. थोड्या वेळाने दारात सावली पडली. हे उभे होते. कपाकडे बघत नव्हते.

"गोदाक्काने ना," हे म्हणाले, "ते पाव्हणे..." आणि थांबले. "तुला ऐकलेलं चालतं?"

आता हा गंभीर प्रश्न. पाहणं वर्ज्य, पण ऐकणं? भाविका म्हणाली, चालतं, रेडिओ काय टीव्ही असतो? रखमामावशी म्हणाल्या, "वांगं सोडल्यावर वांग्याचा वास घेता काय? मंग?" शेवटी मी चिंचणीला गुरुजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मालिका पाहणं तुम्ही सोडलंत," ते म्हणाले. "पण कोणी तोंडाने कथा सांगितली तर ते कथाश्रवण झालं. चातुर्मासात कथाश्रवणाला बंदी नाही. उलट पुण्यच आहे."

"खरंच?"

"मात्र सांगणाऱ्याने सुस्नात असावं. ऐकणाऱ्याने पाय पसरून बसू नये. आणि मध्ये उठू नये." मग खाकरून म्हणाले, "कालचा पाव्हण्यांचा भाग तर ऐकाच."

आणि अशा रीतीने आमच्या घरात कथा सुरू झाली. साडेआठला हे मालिका बघायचे, नऊला आंघोळ करायचे, भर पावसात गार पाण्याने, तक्रार न करता. मग धुतलेला सदरा घालून पाटावर बसायचे. मी समोर समई लावायची, त्यांच्यापुढे विडा ठेवायची. पहिल्या रात्रीची कथा सबंध लिहिते: "पाव्हणे आले. गोदाक्काने चहात मीठ टाकलं. पाव्हणे गेले." मी विचारलं, "यात हसायचं कुठे?" हे विचारात पडले. "सांगताना राहिलं," म्हणाले.

पण माणूस प्रयोगशाळेतला. आज बिघडलं तर उद्या मात्रा बदलून बघायची, एवढं त्यांना पाठ. हळूहळू गोदाक्काचा आवाज यायला लागला. मग हात हलायला लागले. एकदा तर सून आणि गोदाक्का यांचं भांडण सांगताना हे पाटावरून दोन्ही बाजूंना इतके वळले की मान अवघडली आणि दुसऱ्या दिवशी तेल लावावं लागलं. मी हसायचे. गोदाक्कावर कमी, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून गोदाक्का झालेल्या आमच्या ह्यांच्यावर जास्त.

जेवताना मग गोष्टीचं मागचं-पुढचं निघायचं. "ती सून चुकलीच," मी म्हणायची. "चुकली," हे म्हणायचे. कधीकधी म्हणायचे, "पण तिचंही बरोबर आहे." एका ताटावर दोन मतं! आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं.

दसऱ्यानंतर तर मालिकेने कमालच केली. लिहिणारे कोणी बदलले असावेत, असं मला वाटलं. गोदाक्काच्या घरी एक दलाल आला, त्याच्याबरोबर चिखलाचे पाय आले. मग नियमांचं वेड असलेला एक सेक्रेटरी आला. त्याने देवाला साक्षीदार म्हणून ओळखपत्र मागितलं. मी पोट धरून हसले. "हे लोक कुठून कुठून आणतात हो!" मी म्हटलं. हे म्हणाले, "निरीक्षण लागतं," आणि विडा उचलला. गोदाक्का आता भाजीवाल्याकडून अर्ध्याऐवजी एक किलो भाजी घेऊन यायला लागली. तेव्हाही मला काही वाटलं नाही. वाटलं, जगात असे भाजीवाले पुष्कळ.

भाविका एकदा जिन्यात आडवी आली. "हेमाबेन, तुम्हाला एक सांगायचंय, ती सिरीयल..." मी कानात बोटं घातली. "अरे, ऐका तरी! ती..." मी डोळेही मिटले आणि त्याच अवस्थेत जिना चढायला गेले, म्हणून एक मजला जास्त चढले. तिथे ललितभाऊंनी मला गच्चीवर विनापरवाना जाताना पकडलं.

आणि मग तो भाग आला. गोदाक्का एकटी आहे. सून माहेरी, मुलगा बाहेर. ती दिवा लावते, काही मागत नाही, तक्रार नाही, विनोदसुद्धा नाही. फक्त म्हणते, "देवा, न बोलणाऱ्यांचंही ऐकत जा."

ह्यांनी हे वाक्य सांगितलं आणि कथा तिथेच थांबवली. त्या दिवशी त्यांनी विडाही घेतला नाही.

मला ते वाक्य लागलं. लागलं म्हणजे आत जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली, नेहमीसारखी मी अडकले, आणि तोंडून आपोआप तेच आलं. "देवा, न बोलणाऱ्यांचंही ऐकत जा." कोणासाठी म्हणत होते? गच्चीवरच्या कबुतरांसाठी, आवाज न पोचणाऱ्या माझ्यासाठी, कोणासाठी कोण जाणे. पण देवघर पुन्हा माझं झालं. देवाच्या चेहऱ्यावर पुन्हा ओळख आली. कथाश्रवणातून आलेलं वाक्य, म्हणजे नेमातही बसत होतं. तेव्हापासून रोज न चुकता मी ते म्हणू लागले.

कार्तिकी जवळ आली आणि नवीन संकट उभं राहिलं: उद्यापन. जे सोडलं ते उद्यापनाला दान द्यावं लागतं. वांगी सोडणारीने वांगी द्यायची.

"म्हंजे तुमाला टीव्ही देवाला लागंल," रखमामावशी म्हणाल्या.

"आणि सोडलं ते नावाने," भाविकाने तेल ओतलं, "तर तिसरा मजलाच द्यायला लागेल ना?"

हे कोणी धर्मेशच्या कानावर घातलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तो हजर. "काकी, गुरुजींना दान करताय ते ठीक है. पण गुरुजी चिंचणी सोडून इधर राहणार थोडे ना? त्यांना भाड्याने काढायचं असेल तर माझा नंबर द्या." मी त्याला लाडू दिला आणि दार लावलं. घाबरून पुन्हा गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "टीव्ही नको, आमच्याकडे आहे. घर तर नकोच, झाडायला कोण? फार वाटत असेल तर रिमोट द्या. आमच्याचं बटण अडकतं."

म्हणून द्वादशीला आमच्याकडे गुरुजींचं जेवण. केळीच्या पानावर वाढलं, तांब्याच्या ताटलीत तुळशीपत्राखाली बोईसरच्या बाजारातून आणलेला कोरा रिमोट. भाविका, रखमामावशी, ललितभाऊ सगळे जमले. ललितभाऊंनी रिमोटची पावती आहे ना, ते आधी बघून घेतलं.

गुरुजी म्हणाले, "आता नेम पुरा झाला. तुमच्या तोंडाने देवाला काय ते सांगा."

मी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हटलं, "देवा, न बोलणाऱ्यांचंही ऐकत जा."

"वा!" गुरुजी म्हणाले. "कोणत्या स्तोत्रातलं?"

"स्तोत्रातलं नाही," मी लाजून म्हटलं. "गोदाक्काचं आहे."

गुरुजींचा पुरीचा घास हातातच राहिला. "गोदाक्काचं? गोदाक्का असं कधी म्हणाली?"

"आत्ताच की. दिवाळीच्या आधी."

"अहो, मी एकही भाग चुकवलेला नाही. असं ती कधीच म्हणाली नाही. आणि दिवाळीच्या आधी कसं म्हणेल? मालिका तर दसऱ्यालाच संपली!"

"तेच तर मी सांगत होते!" भाविका ओरडली. "जिन्यात! तुम्ही कान बंद करून गच्चीवर गेलात!"

"आता साडेआठला ती देवाची शिरेल हाय नां," रखमामावशी म्हणाल्या. "त्यात नुसते उडतात. हसाला काय नाय."

मला काही सुधरेना. दसऱ्याला संपली? म्हणून इमारतीतला हशा थांबला होता? मग तो दलाल? तो सेक्रेटरी? ती भाजी? रोज साडेआठला हेडफोन लावून उजेडात बसून हे काय बघत होते? नऊला आंघोळ करून, गळ्यापर्यंत बटणं लावून हे पाटावर बसून काय सांगत होते?

मी वळून पाहिलं. हे पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

ललितभाऊ हळूहळू लाल होत होते. "देवाला ओळखपत्र मागणारा सेक्रेटरी... वहिनी, असा भाग मालिकेत नव्हता?" त्यांनीही हे सगळं कोणाकडून तरी ऐकलं असणार, मीच कौतुकाने सांगत फिरत होते.

"नव्हता," गुरुजी म्हणाले. "पण असायला हवा होता." आणि त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे बघून कथेकऱ्याला करतात तसा नमस्कार केला. मग आणखी एक पुरी मागितली.

सगळे गेल्यावर मी भांडी आवरली. साडेआठ वाजले. ह्यांनी टीव्ही लावला. नेम सुटला होता, मला बघायची मोकळीक होती. पडद्यावर कोणी देव ढगावर उभे राहून कोणाला तरी बाण मारत होते. हे सवयीने हेडफोन शोधत होते.

"काय हो," मी विचारलं, "ते वाक्य कुठून आणलंत?"

हे पुष्कळ वेळ बाणाकडे बघत राहिले. बाण अजून पोचला नव्हता.

"सुचलं," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तू तेव्हापासून रोज आतून म्हणतेस. मला इथे ऐकू येतं."

मी हळू बोलते. माझा आवाज भाजीवाल्यापर्यंत पोचत नाही. देवघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत, ह्यांच्या सकाळच्या वर्तमानपत्रापलीकडे, तो पोचत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

टीव्ही मी बंद केला. हे उठून आंघोळीला गेले. गुरुजींनी सांगितल्याशिवाय, स्वतःहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसले. गंध लावलं, फुलं वाहिली, आरती झाली, आणि वाक्याशी येऊन पुन्हा अडकले. आता ते गोदाक्काचं नव्हतं. ज्याच्यासाठी होतं तो बाहेर खुर्चीत बसलेला, आणि ज्याने केलं तोही तोच. माझ्याकडे फक्त म्हणणं आलं होतं. तरी म्हटलं, नेहमीइतकंच हळू.

"देवा, न बोलणाऱ्यांचंही ऐकत जा."

बाहेर वर्तमानपत्राची घडी पडल्याचा आवाज झाला.

"ऐकतोय," बाहेरून उत्तर आलं. "चहा आहे का?"

मी देवाकडे पाहिलं. चातुर्मास संपला होता, गोदाक्काचं जुनं वाक्यही आता मोकळं होतं.

"असो देवा," मी त्याला म्हटलं, "तू तरी काय करणार!" आणि चहा टाकायला उठले.